पाय आले का?

फोटोच्या बाबतीत आमच्या सासूबाईंचे नियम तीन. फोटोत सगळे आले पाहिजेत. मागे देवळाचं नाव आलं पाहिजे. आणि सगळ्यांचे पाय आले पाहिजेत. पहिल्या दोन नियमांना अख्ख्या महाराष्ट्राचा पाठिंबा आहे. तिसरा मात्र खास त्यांचा. गुडघ्यापाशी कापलेली माणसं त्यांना फोटोत बघवत नाहीत. फोटो निघाला की बाकीच्या बायका "बघू, मी कशी आलेय?" म्हणत पुढं धावतात, सासूबाई जागेवरूनच विचारतात, "पाय आले का?"

त्यांच्याच पोटी जन्मलेल्या माझ्या नवऱ्याला फोटोत माणसं नकोच असतात. म्हणजे ओळखीची नको असतात. त्याला 'स्ट्रीट' करायची असते. स्ट्रीट फोटोग्राफी म्हणजे काय, हे त्यानं मला लग्नानंतर लगेचच समजावलं होतं. रस्त्यावर जे चाललंय ते चाललंय तसं टिपायचं. कुणाला थांबवायचं नाही, हसवायचं नाही, 'जरा इकडं बघा' म्हणायचं नाही. आपला फोटो निघतोय हे ज्याला कळलं, तो माणूस बाद. या कसोटीला उतरलेले त्याचे उत्तमोत्तम फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलेले आहेत. त्यांत पाठमोरी माणसं आहेत, भिंतीवरची सावली आहे, वाळत घातलेली छत्री आहे आणि एक कुत्रं आहे. मी कुठंच नाही. कारण मला कळतं.

हे दोन संप्रदाय अक्कलकोटात, वटवृक्ष मंदिरासमोरच्या रस्त्यावर, एकमेकांना भिडले.

सोलापुरात उतरायचं, गाडी ठरवायची आणि तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर असा फेरा मारून परत यायचं, ही आपल्याकडची नेमाची यात्रा. रेल्वेनं थेट अक्कलकोट गाठू म्हणणाऱ्यांसाठी अक्कलकोट रोड नावाचं स्टेशन आहे, पण तिथं उतरल्यावर गाव दहा-अकरा किलोमीटर पुढं असतं. आम्ही सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर गाडीनंच गेलो. गुरुवारी गर्दी असते म्हणून आम्ही शुक्रवार धरला होता. पार्किंगमध्ये पोचल्यावर कळलं की महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणातल्या बऱ्याच कुटुंबांनी तसाच विचार केला होता. ड्रायव्हरनं किल्ली फिरवत बजावलं, "दोन तास. गाणगापूरला दुपारची वेळ गाठायचीय." दोन तासांत दर्शन, प्रसाद, खरेदी आणि फोटो. यातलं काय कमी करायचं, यावर गाडीतून उतरतानाच चर्चा झाली आणि दर्शन पटकन उरकायचं ठरलं.

तसं अक्कलकोट राजांचं गाव. शाहू महाराजांनी मुलासारखं वाढवलेल्या फत्तेसिंह भोसल्यांच्या घराण्याचं हे संस्थान १९४८ साली विलीन झालं. राजवाडा आहे, त्यातलं शस्त्रसंग्रहालय नावाजलेलं आहे. नवऱ्यानं त्याचा विषय काढून पाहिला. "तलवारी काय बघायच्या," असं म्हणून सासूबाईंनी तो मिटवला. या गावात येणारा माणूस स्वामींसाठी येतो. स्वामी समर्थ इथं बावीसेक वर्षं राहिले आणि १८७८ साली इथंच समाधिस्थ झाले. ज्या वडाखाली ते बसत तिथं वटवृक्ष मंदिर, बुधवार पेठेत समाधी मठ, आणि मध्ये जो काही संसार पसरलाय तो रस्ता.

तो रस्ता फोटो काढण्याजोगा आहे हे मलाही मान्य. दोन्ही बाजूंनी दुकानं रस्त्यात उतरलेली. पेढ्यांचे ढीग, हारांचे झुबके, नारळ, अष्टगंध, उदबत्त्या, जपमाळा, पितळी पादुका, त्यांच्या शेजारी प्लास्टिकच्या बंदुका आणि शेंगाचटणीची पाकिटं. चादरींच्या घड्यांवर बसून चहा पिणारा माणूस. 'रूम पाहिजे का रूम' विचारणारा, आणि 'नको' म्हटल्यावर 'मग आंघोळीपुरती' अशी तोड सुचवणारा. पेढेवाला समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघून "या ताई" की "बर्री अक्का" ते ठरवतो, आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. आमच्याकडं बघून तो आधी "बर्री" म्हणाला, मग नवऱ्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं बघून "वेलकम सर" म्हणाला. आणि या सगळ्यातून वाट काढणाऱ्या गाड्या. प्रत्येकीच्या मागच्या काचेवर स्वामींनी पाठीशी असल्याचा दिलेला दिलासा. ज्या वेगानं त्या रिव्हर्स घेत होत्या, ते पाहता दिलाशाची गरज पाठीमागच्यांना होती.

नवऱ्याचे डोळे चमकले. "हीच फ्रेम," तो म्हणाला. "फक्त पोज देणारं कुणी नको."

आता या रस्त्याची अडचण अशी की तिथं पोज न देणारा माणूस सापडत नाही. देवळात, गाभाऱ्यासमोर फोटो काढत बसण्याची सोय नसते. रांग पुढं सरकत असते, मागचा ढकलत असतो. त्यामुळं घरून निघाल्यापासून साठत आलेली फोटोची सगळी हौस बाहेर आल्याबरोबर रस्त्यावर मोकळी होते. कपाळाला नुकतंच अष्टगंध लागलेलं असतं, हातात प्रसादाची पिशवी असते, आणि साडी अजून चुरगळलेली नसते. हीच वेळ. दर दहा पावलांवर एक कुटुंब भिंत करून उभं. पुढं पोरं उकिडवी, मध्ये आजी-आजोबा, मागं उंच जावई. जावयाला कायम मागं टाकतात, त्यामुळं त्याचा कपाळापुरताच फोटो येतो. आणि कुटुंबाच्या समोर, रस्त्याच्या मधोमध, फोटो काढणारा. देवळाचं नाव आणि माणसांचे पाय, दोन्ही एका फोटोत बसवायचे तर तो मागं मागं सरकणार. मागं रिक्षा. रिक्षावाला हॉर्न वाजवत नाही. त्याला सवय आहे. तो उतरून "द्या, मी काढतो" म्हणतो, कारण त्याशिवाय रस्ता मोकळा होणार नाही हे त्याला ठाऊक असतं.

एक फोटो काढून भागत नाही. "अजून एक, बाळानं डोळे मिटले." "अजून एक, आत्या यायची होती." "आता फक्त सुना." "आता फक्त मुली, सुना बाजूला." ही शेवटची सूचना कोण देतं, ते सांगायला नको. आमच्या लहानपणी हे एवढं नव्हतं, कारण वडिलांच्या आग्फा क्लिक थ्रीमध्ये एका रोलवर बारा फोटो निघत. बारांत पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि परतल्यावर मामाच्या मुलीचं बारसं बसवायचं. म्हणजे एका देवाला दोन किंवा तीन फोटो. एखाद्यानं डोळे मिटले तर तो मिटल्या डोळ्यांनीच अल्बमात कायमचा जात असे. आमच्या एका काकांना पुढच्या पिढीनं आंधळे समजलं होतं.

"हे सगळे हलेपर्यंत थांबू," म्हणून नवरा एका पायरीवर बसला आणि त्यानं पुतण्याला व्याख्यान सुरू केलं. पुतण्या दहावीत आहे, त्यामुळं व्याख्यान ऐकताना चेहरा कसा ठेवायचा हे त्याला येतं. विषय होता लुई दागेर. या फ्रेंच माणसानं १८३८ साली पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो खिडकीतून काढला. रस्त्यावर घोडागाड्या होत्या, माणसं होती, पण फोटो उमटायला त्या काळी कित्येक मिनिटं लागत. जे जे हलत होतं ते ते फोटोत आलंच नाही. भर दिवसा रस्ता ओसाड. फक्त एका कोपऱ्यात एक माणूस आला, कारण तो बुटांना पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. छायाचित्रात आलेला हा बहुधा जगातला पहिला माणूस.

सासूबाई इतका वेळ पेढ्यांचा भाव काढत होत्या. त्यांनी मान वळवली. "पॉलिश करत होता म्हणजे त्याचे पाय आले."

नवरा गप्प झाला. मी मात्र त्या रस्त्याकडं बघत मनात हिशेब करू लागले. दागेर आपला डबा घेऊन इथं, पेढेवाल्याच्या माडीवर बसला असता, तर फोटोत काय आलं असतं? रिक्षा गेल्या असत्या. हारवाल्या गेल्या असत्या. रूमवाला तर नक्कीच पुसला गेला असता. चपलांवर लक्ष ठेवत बसलेले एक आजोबा राहिले असते, रस्त्यात बसलेली गाय राहिली असती, आणि राहिली असती ती ही कुटुंबं. 'अजून एक, अजून एक' करत जागच्या जागी उभी, श्वास रोखून, पोट आत घेऊन. नवऱ्याला जी माणसं फ्रेममध्ये नको होती, नेमकी तीच फोटोत आली असती.

हे मी त्याला सांगितलं नाही. तसंही तो दुसऱ्या बाजूनं कोंडीत सापडत होता.

आम्ही तसबिरीच्या दुकानासमोर होतो. तिथं स्वामींचे फोटो किल्लीच्या जुडग्यापासून दाराएवढ्या आकारापर्यंत मांडलेले. तीच रोखून बघणारी नजर, शेकडो वेळा. दुकानात माल पारखत असलेल्या एका भाविक गृहस्थांनी नवऱ्याचा कॅमेरा पाहून त्याला ज्ञान दिलं, "तुमच्या लायनीतली गोष्ट सांगतो. स्वामींचा मूळ फोटो कोडॅक कंपनीच्या मालकानं स्वतः इथं येऊन काढलाय." ही गोष्ट आपल्याकडं घरोघरी सांगितली जाते. मीही लहानपणी ऐकलेली. पण पुतण्याच्या हातात फोन होता, आणि दहावीतल्या मुलाला खात्री करून घेण्याची खोड असते. त्यानं तिथंच वाचून दाखवलं. समाधी १८७८. कोडॅक हे नाव बाजारात आलं १८८८ साली. कंपनी काढणारे जॉर्ज ईस्टमन १८७८ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावी बँकेत कारकून होते आणि फोटो काढायला नुकते शिकत होते. सांतो दोमिंगोला सहलीला जायचं म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचं सगळं बिऱ्हाड विकत घेतलं होतं आणि ती सहलही शेवटी झालीच नाही.

"जो माणूस घेतलेला कॅमेरा घेऊन सांतो दोमिंगोला गेला नाही, तो अक्कलकोटला कधी येणार?" नवरा म्हणाला. त्याला बऱ्याच वेळानं बरं वाटलं होतं.

बिऱ्हाड हा शब्द काही उगाच नाही. त्या काळी काचेला रसायन फासायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि ओली असतानाच अंधारात नेऊन धुवायची. म्हणजे बरोबर तंबू, बाटल्या, पाणी, काचा आणि ते सगळं वाहणारे दोन जण. शिवाय समोरच्याला काही क्षण हलायचं नाही असं सांगायचं. ज्या कुणी अनाम माणसानं स्वामींना कॅमेऱ्यापुढं स्थिर बसवलं, त्याच्या धाडसाला माझा नमस्कार. स्वामींना 'हलू नका' म्हणणं हे काही येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे.

गृहस्थ गोंधळले. सासूबाईंनी त्यांची बाजू घेतली. "मालक नसेल आला. माणूस पाठवला असेल."

"आजी, कंपनीच नव्हती. नंतर निघाली."

"स्वामींना माहीत नव्हतं का, निघणार आहे ते?"

यावर फोनमध्ये काही सापडेना. गृहस्थांनी सासूबाईंना हात जोडले आणि मोठ्या आकारातली तसबीर बांधायला सांगितली.

पुतण्याला आता या खेळाची गोडी लागली. त्यानं जगातले नावाजलेले रस्त्यावरचे फोटो एकेक करून आजीपुढं धरले. कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचा १९३२ सालचा फोटो, पॅरिसच्या स्टेशनामागं साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, टाच पाण्याला टेकायच्या आत पकडलेला. अशा नेमक्या क्षणासाठी आयुष्यभर थांबावं लागतं, असं नवरा भारावून सांगत होता. "पडला का मग तो?" एवढंच त्यांनी विचारलं. पाय आल्याची नोंद मात्र घेतली. मग बीटल्स या गायकांच्या 'ॲबी रोड' या संग्रहाच्या मुखपृष्ठावरचा फोटो. ८ ऑगस्ट १९६९. लंडनचा रस्ता, पट्ट्यांवरून ओळीनं जाणारे चौघे. त्यासाठी पोलिसानं वाहतूक थांबवली होती, छायाचित्रकार रस्त्याच्या मधोमध शिडीवर चढला होता आणि दहा मिनिटांत सहा फोटो काढून मोकळा झाला होता.

सासूबाईंनी चष्मा पुसून तो फोटो निरखला. "सगळे आले. पाय आले." मग बोट ठेवून, "हा अनवाणी आहे. देवळातनं आला असणार." तो पॉल मॅकार्टनी. "पण नाव कुठंय? कुठले कोण कळायला नको?"

आणि खरंच, त्या मुखपृष्ठावर ना गायकांचं नाव आहे, ना गाण्यांच्या संग्रहाचं. रेकॉर्ड कंपनीतल्या लोकांनाही तेव्हा हीच काळजी पडली होती म्हणतात. त्यांच्यात एखादी सासूबाई असणार.

पायांचा हा सोस मला इतकी वर्षं विक्षिप्त वाटायचा. अक्कलकोटात तो जरा वेगळा दिसू लागला. सगळ्या रस्त्यावर पादुका विकायला ठेवलेल्या. पुढं गाणगापूरला तर दर्शनच निर्गुण पादुकांचं. माणसाकडं बघायला सुरुवात पायांपासून करायची, ही दत्तभक्तांची रीतच आहे, चेहरा नंतर. मग त्या बाईंनी फोटोत तरी दुसरं काय शोधावं? (हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ती त्या नव्या चपलांसाठी विचारते." चपला देवळाबाहेर काढून ठेवलेल्या होत्या.)

एव्हाना तासाच्या वर वेळ गेला होता आणि नवऱ्याची फ्रेम काही मोकळी होत नव्हती. त्यानं शेवटी रस्त्याच्या कडेला, चादरींच्या दुकानाला पाठ लावून मोर्चा बांधला आणि कॅमेरा डोळ्याला लावून तो अदृश्य झाला. निदान त्याची तशी समजूत होती. गळ्यात मोठा कॅमेरा घातलेला माणूस तीर्थक्षेत्री अदृश्य होत नाही. तो सार्वजनिक होतो.

"काका, आमचा एक काढता का?"

'काका' त्याला लागलं, पण फोन त्याच्या हातात आधीच आलेला होता. त्यानं एक काढून परत दिला. तेवढ्यात शेजारचं कुटुंब, "आमचाही." त्यामागं कलबुर्गीकडचं एक मोठं खटलं. त्यांची म्होरकी अक्का फोटो निघाला की "इन्नोंदु" म्हणायची. चौथ्या 'इन्नोंदु'ला मलाही कन्नड कळायला लागलं. मग सोलापूरचीच पण घरात तेलुगू बोलणारी मंडळी. मग हार घातलेली नवी कोरी गाडी आणि तिच्या चारी बाजूंनी चिकटलेलं तिचं कुटुंब. गाडीच्या चाकांखाली लिंबं, कुटुंबाच्या चेहऱ्यावर पहिल्या हप्त्याआधीचा आनंद. वाहतुकीच्या पोलिसानं शिट्टी वाजवली. लंडनच्या पोलिसासारखा तोही गाड्या थांबवील असं मला क्षणभर वाटलं. पण तो फक्त "लवकर घ्या" म्हणाला, आणि मग आपला मोबाइल काढून, इकडं तिकडं बघून, "साहेब, माझाही एक."

मी पायरीवर बसून पेढा खात बघत होते. ज्यानं उभ्या आयुष्यात कुणाला 'इकडं बघा' म्हटलं नाही, तो आधी नुसता हातानं खुणा करत होता. मग बोलू लागला. "ताई, जरा उजवीकडं. आजोबा, टोपी वर घ्या. जावईबापू, पुढं या, मागं कपाळच दिसतंय." जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं असावं. मग तो मागं मागं सरकत थेट रस्त्याच्या मध्यावर गेला, गुडघ्यावर बसला, आणि त्या सगळ्या कोलाहलात त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला:

"थांबा थांबा, पाय येत नाहीयेत."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या पेढ्यांचे पैसे देत होत्या.

अक्का हुशार होती. तिनं मोठ्या कॅमेऱ्यानंही एक काढायला लावला आणि पाठवण्यासाठी त्याचा नंबर घेतला. ते बघून इतरांनीही घेतला. गाणगापूरला आम्ही उशिरा पोचलो; ड्रायव्हर वाटेत एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर नवऱ्यानं सगळ्यांना इमानानं फोटो पाठवले, आणि मग खरं काम सुरू झालं. आता रोज सकाळी त्याला सुप्रभातबरोबर स्वामींचा फोटो येतो आणि संध्याकाळी दुरुस्त्या येतात. 'दुसरा आहे का, यात मामी बोलतायत.' 'जावयाला जरा पुढं घेता येईल का?' आणि सगळ्यांची मिळून एकच मागणी, मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीच्या आसपास असलेल्या कुठल्यातरी भाषेत: मागची गर्दी पुसून द्या.

म्हणून सध्या रात्री जेवण झालं की तो संगणकापुढं बसून अक्कलकोटचा रस्ता पुसतो. आधी रिक्षा पुसली. मग रूमवाला, प्लास्टिकच्या बंदुका, चादरींवर बसून चहा पिणारा माणूस. एका कुटुंबाला मागं रिकामं वाटलं, म्हणून तिथं वड घालून दिला. पूर्वी स्टुडिओत मागं रंगवलेला पडदा असायचा, त्याचंच काम तो आता फुकटात करतो. काल तो गायीवर आला होता. सासूबाई त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"गाय राहू दे," त्या म्हणाल्या. "फक्त जरा वर घे. तिचे पाय कापलेत."